घड्याळात गेलेलं पाणी

११ जून

वन्सं यांस,

नमस्कार. पत्रात वाकून करतात तो नाही, उभ्या उभ्या केलेला. पाकीट तुमच्याच मागच्या पत्राचं आहे, उलटं करून चिकटवलंय. तुमचा पत्ता लिहायला नवं पाकीट खर्ची घालावं असं मला वाटलं नाही.

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. म्हणजे आपल्या दोघींत पत्रच उरलं. लेक खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "आई, तू आत्याला पत्र लिहितेस की नोटीस पाठवतेस?" म्हटलं, ते वाचणारीवर आहे.

तुमचा भाऊ गेल्या महिन्यात मरता मरता वाचला. तुमचा फोन आला तेव्हा लेकीने सांगितलं की बाबा कामाला बाहेरगावी गेलेत. तसं सांगायला मीच सांगितलं होतं. ते तेव्हा इस्पितळात होते.

दुपारी जेवून पडले होते. डोकं दुखतंय म्हणाले, पडदा ओढ म्हणाले, उजेड खुपतोय. अंग तापलेलं. कपाळावर ओली पट्टी ठेवायला मी डोकं उचललं तर मान वाकेना. डोक्याबरोबर पाठ वर यायला लागली, फळी उचलावी तशी. मग बोलणं भरकटलं. मला ओळखेनात. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. तिथे कण्यातून सुईने पाणी काढून तपासलं आणि म्हणाले, मेंदूज्वर. मेंदूभोवतीच्या आवरणाला जंतूंनी सूज आणली होती.

ते शुद्धीवर आल्यावर नाकाच्या डॉक्टरबाई आल्या. मला विचारलं, "ह्यांचं नाक वाहतं का?" म्हटलं, सर्दी आहे जुनी, वर्ष उलटून गेलं. "एकाच बाजूने वाहतं?" मी आठवून पाहिलं. उजवीकडूनच. "पाण्यासारखं? वाकले की जास्त?" वन्सं, मी त्या बाईंकडे बघतच राहिले. सर्दीला बाजू असते का, हा विचार इतक्या दिवसांत तुमच्या माझ्या कुणाच्याच डोक्यात आला नाही.

ती सर्दी नाही. तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मोठं घड्याळ भिंतीवर लावताना ते स्टुलावरून पडले आणि कपाळ काउंटरच्या कडेवर आपटलं, तेव्हा नाकाच्या वरचं पातळ हाड तडकलं. तुम्ही बर्फ लावलात आणि गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून त्यांना परत बाकावर बसवलंत. त्या चिरेतून मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपतंय. आणि जिथून पाणी बाहेर येतं तिथून नाकातले जंतू आत जातात. एकदा गेले. चीर बुजेपर्यंत पुन्हा कधीही जातील.

तेव्हा दोन गोष्टी. एक, तुम्ही पाठवता त्या वाफाऱ्याच्या पुड्या बंद करा. ते पातेल्यावर ओणवे बसतात आणि मग तुम्ही सांगितलंय तसं जोर लावून नाक शिंकरतात. डॉक्टरबाईंनी दोन्ही गोष्टींना सक्त मनाई केली आहे. मी पुड्या केरात टाकल्या तर म्हणतात, ताईने पाठवलंय. दोन, डॉक्टरबाई आधी एक लस टोचायची म्हणतात. हा ताप आणणारा जो मुख्य जंतू आहे त्याच्यावरची. मग दुर्बिणीने नाकातून जाऊन चीर बुजवायची. हे ऐकून तुमचे बंधुराज काय म्हणाले असतील? "ताईला विचारतो."

विचारायच्या आत तुम्ही सांगून टाका. एक ओळ पुरे: लस घे.

— तुमची भावजय

२४ जून

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. "सर्दीला लस टोचणारे डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारी मॅट्रिक पासही पहिल्यांदाच पाहिली." छान लिहिलंय. दुकानाच्या पाटीवर लावा.

मी मॅट्रिक आहे, वर काही नाही. पण घरातल्या डाळ-तांदळापासून विजेच्या बिलापर्यंत सगळं लिहून ठेवायची सवय आहे. त्या सवयीने डॉक्टरबाई बोलत होत्या तेही लिहून घेतलं. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यांच्यावर ठेवा.

त्यांनीही आधी ही सर्दीच आहे का ते तपासलं. ह्यांना खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "पुढे वाका, डोकं गुडघ्यांकडे." आणि नाकाखाली काचेची नळी धरली. टप टप टप. मी मागे उभी होते. पाणी इतकं स्वच्छ की नळीत काही आहे हे ते हललं तेव्हा कळलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घशात उतरतं तेव्हा चव कशी लागते?"

"खारट," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"घाम असेल असं वाटायचं."

"घाम घशात कसा उतरेल हो?"

हे हसले. तुम्हाला माहीत आहे ते कसे हसतात, शाळेत गृहपाठ विसरल्यासारखे. ती नळी तपासणीला गेली आणि उत्तर आलं की हे पाणी मेंदूभोवतीचंच आहे, नाकात असं पाणी तयारच होत नाही.

आता जरा सावकाश वाचा. घड्याळजी वर बघून काम करत नाही. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून, नाक घड्याळापासून वीतभर अंतरावर ठेवून दिवसभर बसतो. उघडं घड्याळ, आणि वरून खारट पाण्याचा थेंब. बाही फिरवून पुसायचं, पुढचं चाक बसवायचं, झाकण लावायचं. आत मीठ राहिलं.

गंजून परत आलेली ती घड्याळं आठवतात? मला आठवतात. तुम्ही ती काउंटरवर ओळीने मांडलीत आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "बापाने हातात कला दिली आणि ह्याने हातात बाटली घेतली." जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाला. ते गप्प बसले, कारण गंज कुठून येतो हे त्यांनाही कळत नव्हतं. घरी येऊन मला म्हणाले, "हात धुऊन पुसायला विसरत असेन. वय झालं." त्या दिवसानंतर ते दहा वेळा हात पुसत. कातडी सोलवटेपर्यंत. तुम्ही त्यांना दुकानातून काढलंत, आम्ही ह्या शहरात आलो, आणि इथेही खिडकीशी बसून ते तेच करत राहिले. पुसायचे हात, गळायचं नाक.

वन्सं, तुमच्या भावाच्या मेंदूभोवतीचं पाणी त्या घड्याळांत गेलं. त्याला तुम्ही दारू म्हणालात.

मी रोज देवापुढे बसते. त्यात तुमच्याही नावाने दोन शब्द म्हणायचे असतात, लग्न झाल्यापासून म्हणत आले. अलीकडे ते शब्द तोंडाने येतात, आतून येत नाहीत. देवाला कळतं, पण त्याने अजून टोकलेलं नाही.

लस घे म्हणून लिहा.

— भावजय

६ जुलै

वन्सं,

शेवटी तुम्ही केलंतच. मी प्रार्थनेला गेले होते तेवढी वेळ साधून ह्यांना फोन केलात. काय बोललात ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण काल सगळं कळलं.

काल लस टोचायचा दिवस होता. मी त्यांना तयार केलं होतं म्हणजे काय केलं होतं ते देवालाच ठाऊक. समजावलं, रागावले, जेवायचं सोडलं. दवाखान्यात खुर्चीवर बसले, बाही वर केली, नर्सने दंडाला कापूस लावला. तिने सुई उचलली आणि हे उठले. बाही खाली ओढली आणि सरळ बाहेर चालू लागले. नर्स म्हणाली, "काका, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त." हे थांबलेसुद्धा नाहीत.

रस्त्यात मी गाठलं. "काय झालं?"

"मधला गेला तो सुईनेच गेला."

मी म्हटलं, "कोण मधला?"

म्हणाले, "आमचा मधला. सकाळी सुई टोचली, संध्याकाळी गेला. ताईच्या मांडीवर. ताईने डोळ्याने पाहिलंय."

वन्सं, इतकी वर्षं मी तुमच्या घरात भांडी घासली, तुमच्या पायाला तेल चोळलं, आणि तुम्हाला मधला एक भाऊ होता हे मला कुणी सांगितलं नाही. ठीक आहे, सुनेला काय सांगायचं. पण हे अस्त्र तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवलंत आणि काढलंत कुठे, तर तुमच्या उरलेल्या भावावर.

मी दवाखान्यात परत गेले. डॉक्टरबाई बाहेर पडत होत्या. मी विचारलं, सुईने पोर मरतं का हो? त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "त्या मुलाला कसली सुई दिली होती? कशासाठी दिली होती? धडधाकट पोराला कुणी उगाच सुई देत नाही." ह्याचं उत्तर तुमच्याकडे आहे.

म्हणून विचारते, आणि ह्यात टोमणा नाही, टोमणे वरती संपले. सुई टोचायच्या आधी मधल्याला काय झालं होतं? ताप होता का? उजेड नको म्हणत होता का? त्याची मान कशी होती?

तुमच्या मांडीवर गेला ना. मग मान कशी होती ते तुम्हाला ठाऊक असणार.

— भावजय

१९ जुलै

वन्सं,

माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. त्याऐवजी हा सौदा पाठवलात. मी तो दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचतेय.

"त्याला लस घ्यायला मी सांगते. तो माझं ऐकेल, तुझं ऐकणार नाही हे तुला कळलंच आहे. पण बरा झाला की तो इथे येईल, बापाच्या बाकावर बसेल. तू तिथेच राहा. तुझ्यासारखं पायपुसणं ह्या घरात मला नको."

पायपुसणं तर पायपुसणं. तुमच्या घरी पाय पुसायची गरज मलाच जास्त पडायची.

इकडची खबर द्यायची तर पाणी गळतंच आहे. डॉक्टरबाई म्हणतात, एकदा ज्याला हा ताप येऊन गेला आणि चीर उघडीच आहे, त्याला तो पुन्हा यायचा धोका मोठा. पुढच्या वेळी कान जातील, डोळे जातील, की माणूसच जाईल, सांगता येत नाही. लसही सगळ्या जंतूंना अडवत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण जो जंतू असल्या रुग्णांना बहुतेक वेळा गाठतो त्याला अडवते. ती आता घेतली की अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी. आणि हे? हे खिडकीत बसून वाट बघतात. कसली, तर तुमच्या फोनची. लस घेणार नाही आणि शस्त्रक्रियाही करून घेणार नाही, म्हणजे सुईच नको, कसलीच नको. लेक म्हणाली, "बाबा, आत्या नाही म्हणाली तर तुम्ही श्वासही घेणार नाही का?" ते म्हणाले, "ती नाही म्हणणार नाही." बघा, विनोद कळला नाही त्यांना.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तापात त्यांनी मला ओळखलं नाही. ते खरं, पण अर्धं. त्यांनी हाक मारली होती. मी त्यांचा हात धरून होते आणि ते "ताई, ताई" करत होते. मी म्हटलं, मी आहे हो. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा म्हणाले, "ताई." एकदा नाही, सगळा वेळ. गाडीत, दाराशी, त्या ढकलगाडीवर. नर्सने मला विचारलं, "तुम्हीच ताई का? पुढे या." मी पुढे झाले. आणि म्हणूनच तुम्हाला कळवलं नाही. आता हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. वाटू दे.

सौदा मान्य. देवाला साक्ष ठेवून लिहिते: लस घ्यायला सांगा, चीर बुजू दे, डॉक्टरबाई हो म्हणाल्या की मी त्यांची बॅग स्वतः भरेन.

तुम्ही मला आवडत नाही. कधीच आवडला नाहीत. पण तुमच्या जिभेत जे आहे ते माझ्या जिभेत नाही, आणि मला नवरा जिवंत पाहिजे. मग तो कुठल्याही घरात असो.

— भावजय

२ ऑगस्ट

वन्सं,

फोन करून सांगायचं ठरलं होतं. तुम्ही अंगाने आलात. ते ठीक. पण मी बाजारात गेलेली बघून माझ्या घरात शिरलात, नवऱ्याला उठवलंत आणि घेऊन गेलात, एक चिठ्ठीसुद्धा न ठेवता? घरी आले तर दार नुसतं लोटलेलं, अंथरूण रिकामं, भिंग टेबलावर. मला काय वाटलं असेल? मला वाटलं ताप आला आणि कुणीतरी उचलून नेलं. भाजीची पिशवी तिथेच टाकून पायात जे सापडलं ते घालून पळाले. एक पाय माझ्या चपलेत, एक लेकीच्या. इस्पितळाच्या दारात मला हे दिसले, बाकावर बसून पेरू खात. दंडाला पट्टी.

"घेतली," म्हणाले. "ताई गेली. तिची गाडी होती."

माझ्या घरचं पाणीही न पिता गेलात. तेवढा मान राखलात माझा.

आत काय झालं ते ह्यांनी सांगितलं आणि राहिलेलं डॉक्टरबाईंनी. तुम्ही नाही सांगणार, म्हणून मीच लिहिते, म्हणजे मला कळलंय हे तुम्हाला कळेल.

तुम्ही डॉक्टरबाईंच्या समोर बसलात आणि ह्यांच्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत. मधल्याचं विचारलंत. त्याला तीन दिवस ताप होता. कान फुटला होता. ओकत होता, दिवा विझव म्हणत होता. तुम्ही स्वतः तेव्हा परकर घालणारी पोर, आई शेतावर की कुठे, तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसलात. डॉक्टरबाईंनी विचारलं, मान? हे म्हणतात, ताईने स्वतःचं डोकं मागे टाकून दाखवलं, असं, आणि तसंच ठेवून बसली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी खात्रीने नाही सांगता येणार. पण हे सगळं त्याच तापाचं वाटतं. कानातून आत गेला असेल. सुईने नाही गेला तो. सुई फार उशिरा आली."

मग म्हणे तुम्ही पदर खोचलात. आणि म्हणालात, "ही लस माझ्या वयाला चालते का?"

"पासष्टीच्या पुढे घ्यावीच म्हणतो आम्ही."

"मग आधी मला द्या." आणि ह्यांच्याकडे बघून, "धाकट्या, तू खुर्चीवर बसून बघ. मला काही झालं तर पळ. नाही झालं तर बाही वर कर."

नर्स सुई घेऊन आली तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत आणि ह्यांचा हात इतका घट्ट धरलात की नखं उमटली. मी पाहिली ती. अजून आहेत. टोचून झाल्यावर नर्सला म्हणालात, "झालं? एवढ्यासाठी?" ते "एवढ्यासाठी" कुणाला होतं ते मला डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही. मला विचारायचंही नाही.

दंड दुखला असेल एक-दोन दिवस. ह्यांचाही दुखला. गार पट्टी ठेवा. तेल चोळू नका, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला तेल चोळायची सवय आहे.

तुम्ही जे केलंत ते मला जमलं नसतं. हे लिहिताना हात जड होतोय, पण खोटं लिहून ह्या देवापुढे संध्याकाळी बसता येणार नाही. त्याने आपलं भांडण मिटत नाही.

शस्त्रक्रिया ह्या महिन्याच्या अखेरीस.

— भावजय

३० ऑगस्ट

वन्सं,

कामापुरतं लिहिते.

चीर बुजवली. नाकातूनच गेले, चेहऱ्यावर टाका नाही. मांडीतून थोडी चरबी आणि पातळ पडदा काढून आत बसवला. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय बोलले विचाराल. "किती वाजले?" म्हणाले. तुमचं नाव नाही, माझं नाही. घड्याळजीच तो.

आता उशा उंच लावून झोपवायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, शिंक आली तर तोंड उघडं टाकून शिंकायचं, नाक शिंकरायचं तर नावच नाही. काल शिंकले. अख्खा वॉर्ड दचकला. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "अहो, सूचना तरी द्या."

तुम्ही फोन केलात आणि माझा आवाज ऐकून ठेवला नाहीत. मी "बरे आहेत" म्हटलं, तुम्ही "हं" म्हटलं. मग ठेवलात. हे प्रगती म्हणून लिहीत नाही, नुसतं लिहितेय.

— भावजय

८ ऑक्टोबर

वन्सं,

दुसरी लस झाली. पहिलीनंतर काही आठवडे थांबून ही दुसऱ्या जातीची द्यायची होती, आणखी काही जंतूंना धरते. ह्या वेळी स्वतःच बाही वर केली आणि नर्सला म्हणाले, "मुंगी म्हणालात ना, मुंगीपेक्षा जास्त आहे." नाक शस्त्रक्रियेपासून कोरडं आहे. डॉक्टरबाईंनी सगळं तपासून हो म्हटलं: काम करा, पण टेबल छातीपर्यंत उंच करून, घड्याळ डोळ्यांपाशी आणून. मान घड्याळाकडे न्यायची नाही. तुमच्या दुकानातलं बापाच्या बाकापुढचं टेबल मला आठवतं, गुडघ्याइतकं बुटकं आहे. सुतार बोलवा. सबबी नकोत.

आता मुद्द्याचं. मी शब्द दिला होता, तो पाळला. परवा त्यांची बॅग भरली. कपडे, औषधं, अवजारांची पेटी, उंच उशी. ते बघत होते. म्हणाले, "माझंच का भरतेस?"

मी सौदा सांगितला. त्यांना तुम्हीही सांगितला नव्हता, मीही नाही. ऐकून घेतलं त्यांनी सगळं. मग बॅगेजवळ आले, वाकणार होते, मी ओरडले, तर गुडघ्यांवर खाली बसले, डॉक्टरबाईंनी शिकवलंय तसं, आणि एकेक कपडा बाहेर काढून खाटेवर ठेवायला लागले.

"अहो, मी शब्द दिलाय. देवाला साक्ष ठेवून."

"मला कुणी विचारलं?"

"तुम्ही शुद्धीवर असून नसल्यासारखे होता."

"मग आता आहे शुद्धीवर. तू येत असलीस तर येतो. नाहीतर इथेच बसतो."

"मला बोलावलेलं नाही तिथे."

"मग ताईला सांग, शब्द मोडला."

वन्सं, तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. उभ्या जन्मात हा माणूस माझ्यासमोर एवढी चार वाक्यं सलग बोललेला नाही. तुमच्यासमोरही नसेल. मी दोन दिवस समजावलं. आधी वाटलं, गप्प बसावं, मला काय वाईट होतंय. पण मी देवापुढे म्हटलंय की ते तुमच्याकडे येतील, आणि मी न येता ते येत नाहीत. म्हणजे तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा तर मला तुमच्या घरात पाय ठेवावाच लागतो. मी पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं. दुसरी वाट निघत नाही. तुम्हाला निघाली तर कळवा, मी आनंदाने इथेच राहीन.

न निघाली तर शनिवारी दुपारच्या गाडीने येतो, दोघं. लेक इथेच राहील, तिची नोकरी आहे. मागची खोली आम्हाला लागेल, ती पुसून ठेवू नका, मी पुसते, तुमचं पुसलेलं मला पटत नाही. स्वयंपाक मी वेगळा करीन. ह्यांनी कुणाकडे जेवायचं ह्यावर भांडण होईल हे धरून चाला.

दुकानात गिऱ्हाइकांना त्या गंजलेल्या घड्याळांचं काय सांगायचं ते तुम्ही आणि तुमचा भाऊ बघा. मी त्यात तोंड घालणार नाही. पहिला आठवडा तरी.

एकच गोष्ट आधी ठरवून घेऊ, बाकीचं समोरासमोर बघू. लस झाली, चीर बुजली, तरी डॉक्टरबाईंनी बजावलंय: ताप आणि डोकेदुखी, मान धरली, उजेड खुपला, बोलणं भरकटलं किंवा नाकातून पुन्हा पाणी आलं तर थांबायचं नाही. तेव्हा आपण दोघी कितीही भांडत असू, मी स्वयंपाकघरात असेन आणि तुम्ही गल्ल्यावर, तरी मला हाक मारायला येऊ नका, मला विचारू नका, मी काय म्हणेन ह्याचा विचार करू नका. आधी गाडी बोलवा. मीही तुम्हाला विचारणार नाही.

आणि तापात त्यांनी कुणालाही हाक मारली तरी जी जवळ असेल तिने ओ द्यायची.

— भावजय